धाक नको, आधी झोप मोजा

"उन्हाळ्यात मुलं हट्टी होतात, जरा धाक लागतो" असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. या हट्टामागे बहुधा अपुरी झोप असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. ते उतरत नाही, पोरगं बारापर्यंत कूस बदलतं आणि सकाळी आपण त्याला आळशी ठरवतो. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. 

ऊन कलल्यावर गच्चीवर पाणी मारा. झोपण्याच्या तासभर आधी अंघोळ, पण कोमट पाण्याने. एकदम गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच अडकते. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्धाच तास, पाचला उठलेलं मूल दहाला कसं झोपेल? संध्याकाळचा चहा मुलांना नकोच. आठवडाभर झोपायची-उठायची वेळ आणि चिडचिड एकाच वहीत लिहा. त्यात एक रकाना आईचाही ठेवा. नळाच्या पाळीसाठी पहाटे उठणारी बहुधा तीच असते, आणि तिची अपुरी झोप संध्याकाळी ओरडण्यातून बाहेर पडते.