सोसायटी ग्रुप : टाकीखालच्या खोलीतले ऑइलचे डबे

सेक्रेटरी (ए-१०२): वॉटरप्रूफिंगसाठी गच्चीवरची टाकीखालची खोली रिकामी करून राहिलो. इंजिन ऑइलचे दोन डबे निघाले, दोन्ही सीलबंद. एक ५ लिटरचा, २०डब्ल्यू-४०, वर एपीआय एसएफ/सीसी अन् मार्च १९९१ छापलं आहे. दुसरा १ लिटरचा, एसएई ३०, त्याची तारीख पुसली आहे. कोणाचे असतील तर सांगा, नाही तर कबाडीवाल्याला देतो.

बी-२०३: कबाडीवाल्याला कशाला बाप्पा! सील तुटलं नाही म्हणजे माल नवाच. माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग आलंच आहे.

सी-४०४ काकू: लोणचं मुरते भाऊ, ऑइल मुरल्याचं ऐकलं नाही कधी 😀

बी-२०३: काकू, जमिनीत करोडो वर्षं राहिलं तेव्हा सडलं नाही. डब्यात तीस-पस्तीस वर्षांत काय होते त्याला?

ए-३०४ काका: जमिनीत होतं ते क्रूड. डब्यात आहे ते क्रूडमधून काढलेलं बेस ऑइल अन् वरून मिसळलेली रसायनं. बेस ऑइल बंद डब्यात सहजासहजी खराब होत नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण काजळी धरून ठेवणारं, गंज अडवणारं, फेस मारणारं, इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम-टॅपेटची झीज वाचवणारं झिंकवालं, हे सगळं वेगळं टाकलेलं असते. फेस मारणारं सिलिकॉन तर तेलात विरघळतच नाही, बारीक थेंब होऊन तरंगत राहते. वर्षानुवर्षं डबा हलला नाही तर ते वेगळं होऊ शकते. म्हणून बऱ्याच कंपन्या सीलबंद डब्यालाही पाचेक वर्षांचीच मुदत सांगतात, तीही सावलीत ठेवला तर. आपली टाकीखालची खोली मे महिन्यात भट्टी असते अन् पावसाळ्यात ओली.

बी-२०३: पण सीलबंद आहे ना काका. ओल आत जाईल कुठून?

ए-३०४ काका: झाकणातून. उन्हात आतली हवा फुगते, थोडी बाहेर जाते. रात्री डबा थंड झाला की बाहेरची दमट हवा ओढून घेते. सील दिसायला शाबूत राहते अन् आत पाणी साचते. एसटीच्या हिंगणा वर्कशॉपात आम्ही बॅरल आडवे ठेवायचो ते ह्याच्याच साठी, की वरच्या झाकणाभोवती पावसाचं पाणी थांबू नये.

आता मुख्य गोष्ट. समजा तेल आजही तसंच्या तसं आहे. तरी ते १९९१ चंच आहे ना! डब्यावरची एसएफ ही पेट्रोल इंजिनच्या तेलाची ग्रेड, १९८० ची. एपीआय, म्हणजे ह्या ग्रेड ठरवणारी अमेरिकेची संस्था, स्वतःच सांगते की १९८८ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना ती चालत नाही. नंतर एसजी, एसएच, एसजे, एसएल, एसएम, एसएन असं करत २०२० मध्ये एसपी आली. तुमची गाडी बीएस-६, तिच्या पुस्तकात पाहा, ०डब्ल्यू-२० नाही तर ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल, म्हणजे पातळ तेल. तिच्यात हे जाड तेल टाकलं तर सकाळी सेल मारल्यावर वर हेडपर्यंत पोचायलाच वेळ लागते. शिवाय झिंकवाल्या रसायनात फॉस्फरस असते. जुन्या तेलात ते जास्त, अन् सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं त्याच्याशी जमत नाही. तेलाचे पैसे वाचवायचे अन् कन्व्हर्टर बदलायचा, हा हिशोब मला तरी समजत नाही.

सेक्रेटरी (ए-१०२): मग सोसायटीच्या जनरेटरला? त्याचं ऑइल बदलायचंच आहे.

ए-३०४ काका: अजिबात नाही. डब्यावर सीसी आहे ना, ती डिझेलची ग्रेड. १९९० नंतरच्या बहुतेक डिझेल इंजिनांना तीही बाद. आपला जनरेटर त्याच्या किती तरी नंतरचा. अन् सर्व्हिसवाल्याला कळलं तर तो पुढं प्रत्येक बिघाडाला तेच कारण सांगेल.

सी-१०१: काका, माझी फियाट ८६ ची आहे. तिला तर एसएफ तिच्या काळाचीच झाली की!

ए-३०४ काका: तुमचा प्रश्न खरा आहे. ग्रेड जुळते. कन्व्हर्टरची भानगड नाही, अन् तसल्या टॅपेटला झिंक चांगलंच असते. पण त्या मोठ्या डब्याचा फोटो मोठा करून पाहा, झाकणाच्या कडेनं गंज आला आहे. मी असतो तर नसतं टाकलं. फियाटचा क्रँक घासला तर पार्टसाठी कुठं फिराल? २०डब्ल्यू-४० आजही दुकानात मिळते.

बी-३०१: काका, माझ्या चेतकच्या गिअरबॉक्ससाठी तो एसएई ३० वाला छोटा डबा चालेल का?

ए-३०४ काका: त्याला मी लगेच नाही म्हणणार नाही. चेतक टू-स्ट्रोक, इंजिनचं तेल पेट्रोलसोबत जळून जाते. गिअरबॉक्सचं वेगळं, पाव लिटरच्या आसपास, अन् पुस्तकात एसएई ३० च आहे. तिथं काजळी येत नाही. क्लच मात्र त्याच तेलात बुडलेला असते, म्हणून आजकालचं कारचं गुळगुळीत तेल टाकलं की तो घसरू शकते. पण पहिले तपासा. डबा न हलवता वरचं थोडं काचेच्या बाटलीत काढा. दुधी दिसलं तर विषय संपला. मग डबा उलटा-पालटा करून पुन्हा काढा, एक दिवस ठेवा, तळाशी गाळ बसते का पाहा. शेवटी जुन्या तव्यावर, पाण्याचा थेंब टाकताच उडेल इतकाच तापवून, गॅस बंद करून एक थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे.

सी-४०४ काकू: तवा आपापल्या घरचा घ्या. माझ्याकडे मागायला येऊ नका.

बी-२०३: मोठ्या डब्यातलं कूलरच्या मोटरला तरी?

ए-३०४ काका: नको, बुशला पातळ तेल लागते. गेटच्या बिजागऱ्यांना, पार्किंगच्या शटरच्या चेनला वापरा. उरलेलं समोरच्या साइटवरच्या सेंट्रिंगवाल्याला विचारा, फळ्यांना लावायला ते जळालेलं ऑइल विकत आणतात. तो नाही म्हणाला तर गॅरेजच्या जळालेल्या ऑइलच्या ड्रममध्ये. नालीत मात्र कोणी ओतू नका, आपली नाली शेवटी नाग नदीलाच मिळते.

सी-१०१: अन् रिकामा डबा भंगारात देण्याआधी चेपून भोक पाडा. नाही तर त्यात जळालेलं तेल भरून पुन्हा बाजारात येते.

सेक्रेटरी (ए-१०२): ठीक. मोठा डबा वॉचमनकडे, गेटसाठी. छोटा बी-३०१ नं घेऊन जावा, तपासून ग्रुपवर सांगावं.

बी-३०१: संध्याकाळी येतो घ्यायला 👍

सेक्रेटरी (ए-१०२): या. अन् येताना चेतक लिफ्टसमोरून काढा, मघापासून तीन जणांचे फोन आले.