वारसा, ठेवा की वसा?

खडूफळा: पश्चिम आफ्रिकेत, मालीतल्या जेने गावच्या मशिदीबद्दलचा मजकूर मराठीत आणतोय. १९०७ची, पूर्ण मातीची. गाव १९८८पासून युनेस्कोच्या यादीत. दरवर्षी अख्खं गाव तिला माती लावतं. चिखलात भाताचा कोंडा, बायका पाणी आणतात, गवंडी भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या वाशांवर चढतात. अडलंय ते या वाक्यातल्या 'हेरिटेज'पाशी: विकासाला मदत देणाऱ्यांनी 'हेरिटेज' नुसतं जपू नये, त्यावर गावाचं पोट चालावं. मी 'वारसा' लिहिलं. संपादक म्हणाल्या, वारसा मेलेल्याकडून मिळतो, ही मशीद जिवंत आहे.

तिरफळ: ठेवा लिहा.

खडूफळा: ठेवा पुरून ठेवतात हो.

शुद्धलेखणी: वारसा मुळात अरबी. आपलं 'दाय' आहे, 'रिक्थ' आहे. वापरा की!

पाटावरवंटा: 'सांस्कृतिक रिक्थ' दिलंत तर मुद्रितशोधक 'रिक्त' करून ठेवेल. २०२५ला किल्ले यादीत गेले तेव्हा तुम्हीही वारसाच म्हणालात ना? आणि मशिदीच्या लेखात अरबीचं वावडं कसलं?

मधलीसून: वसा! आजी श्रावणात आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. 'उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.' जेनेतही तेच, एक पावसाळा टाकला की भिंत गेली. मला तर वारसा आणि वसा एकच वाटतात.

शुद्धलेखणी: मग मधला र कुठे गेला? अरबीची आणि राणूबाईची सोयरीक जुळवू नका.

मधलीसून: बरं, मग युनेस्कोच्या २००३च्या करारातलं 'अमूर्त वारसा' तरी कुणी काढलं? गवंड्याची विद्या म्हणे अमूर्त. कोपरापर्यंत चिखल असतो त्याच्या!

तिरफळ: माती लावण्याला काय लिहिलंत?

खडूफळा: सारवण.

तिरफळ: चूक. सारवतात जमीन, शेणाने. भिंत लिंपतात.

पाटावरवंटा: आमच्याकडे दिवाळीआधी पांढऱ्या मातीचा पोतारा असायचा. वाळला की भिंतीवर आईची बोटं दिसायची, मधलं जरा वाकडं.

शुद्धलेखणी: पोतारा का पोतेरा? पोतेरं म्हणजे फडकं.

पाटावरवंटा: फडक्यानेच देतात, म्हणून पोतारा.

खडूफळा: लिंपण घेतो. पण पुढचं वाक्य बघा. लिंपणावर लिंपण चढून भिंती जड झाल्या, आगाखान ट्रस्टच्या दुरुस्तीत जुने थर 'उतरवले'. चालेल?

तिरफळ: पोपडे काढले म्हणा.

मधलीसून: पोपडे आपले आपण सुटतात. थर खरवडावे लागतात.

खडूफळा: खरवडले. आणि वारसा तूर्त तसाच ठेवतोय, संपादक सुट्टीवर आहेत.