वर्डप्रेस: मराठी शीर्षकाची लिंक मधेच का तुटते?

ग्रंथपाल_बवर्ग
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि गेली सहा वर्षं मी एकटीच ती सांभाळते. प्लगइन, बॅकअप, अपडेट एवढं जमतं, कोड येत नाही. तीन गोष्टींत अडकले आहे.

पहिली गोष्ट. जानेवारीत 'वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा प्रारंभ' ही बातमी टाकली. लिंक तयार झाली ती 'वाचनालयाच्या-व्याख्यानम' एवढीच. मग 'वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा समारोप' टाकली, तर तिची लिंक 'वाचनालयाच्या-व्याख्यान' आणि पुढे २ चा आकडा. 'म' कुठे गेला? सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवल्यावर तर मराठी अक्षरंच जातात आणि टक्क्याच्या चिन्हांची चार ओळींची माळ दिसते. आमचे ज्येष्ठ सभासद ती बघून 'व्हायरस आहे का' असं विचारतात आणि बातमी न वाचताच सोडून देतात. ज्यांच्यासाठी लिहिते तेच वाचत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट. शोधपेटीत 'कऱ्हाड' टाइप केलं तर जुने लेख येत नाहीत. लेखातूनच शब्द उचलून चिकटवला की मात्र लगेच सापडतात. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. हे लेख आमच्या जुन्या स्मरणिकेतले, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले होते. ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणले आहेत.

तिसरी गोष्ट. लिंका बदलल्या तर आधी पाठवलेल्या बंद पडतील का? सभासद अर्जाच्या पानाचा क्यूआर कोड दारावरच्या फलकावर छापलेला आहे.

पीएचपी_पाटील
ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. लिंकमधल्या त्या नावाला वर्डप्रेस स्लग म्हणतं आणि ते डेटाबेसमध्ये ज्या रकान्यात बसतं तो २०० अक्षरांचा आहे. इंग्रजी शीर्षकाला तेवढी जागा रग्गड होते. पण देवनागरी चिन्ह तिथे जसंच्या तसं राहत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, आपल्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट लिंकमध्ये टक्का धरून तीन अक्षरांनी लिहिला जातो. नुसता 'व' घ्या, तो होतो %E0%A4%B5. म्हणजे एका 'व'ला नऊ घरं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचे प्रत्येकी नऊ वेगळे.

आता तुमचं शीर्षक मोजा. 'वाचनालयाच्या' यात बारा चिन्हं, म्हणजे १०८. मधल्या रेघेचं १. उरले ९१, त्यात दहा चिन्हं बसतात: 'व्याख्यानम'. बेरीज १९९, पुढच्या कान्याला जागाच नाही. दुसऱ्या बातमीला तोच स्लग मिळाला म्हणून वर्डप्रेसने रेघ आणि २ जोडायला घेतलं, त्यासाठी दोन घरं हवी होती, म्हणून 'म' कापला.

हे मी ऐकीव सांगत नाही. वर्डप्रेसचा कोड सगळ्यांना उघडा आहे, त्यातल्या फॉरमॅटिंग डॉट पीएचपी या फाइलीत जाऊन वाचलं आहे. फक्त ती फाइल स्वतः बदलू नका, पुढच्या अपडेटला बदल पुसला जातो.

उपाय सोपा: शीर्षक हवं तेवढं लांब मराठीत ठेवा, प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने इंग्रजीत लिहा. 'व्याख्यानमाला-समारोप' रोमन लिपीत. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वच्छ दिसतं.

शिळाछाप
पाटील, हिशेब बिनचूक आहे, पण शेवटचा सल्ला मला मान्य नाही. वाचनालय मराठी, वाचक मराठी, मग लिंक रोमन का? लहान ठेवली की मराठीही बसते. 'व्याख्यानमाला-समारोप' मराठीतच मोजा: एकोणीस चिन्हं आणि एक रेघ, १७२. पुढे सालही घालता येतं, फक्त ते इंग्रजी आकड्यांत घाला. मराठी आकडासुद्धा नऊ घरं खातो.

आता 'कऱ्हाड'. मी एका मासिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणले तेव्हा यातच पंधरा दिवस गेले. हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक म्हणजे खास 'ऱ' आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा 'र', हलन्त आणि मागोमाग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. तुमच्या कन्व्हर्टरने दुसरी वापरली असणार आणि तुमचा कीबोर्ड पहिली देतो. वर्डप्रेसचा शोध चिन्हाला चिन्ह लावून बघतो, म्हणून जुळत नाही.

'बेटर सर्च रिप्लेस' प्लगइन घ्या. जुन्या लेखातून 'र्‍ह' उचलून शोधायच्या चौकटीत चिकटवा आणि बदलायच्या चौकटीत स्वतः 'ऱ्ह' टाइप करा. मग तसंच 'र्‍य'चं करा, नाहीतर 'सुर्‍या', 'दर्‍या' मागे राहतील. आधी डेटाबेसचा बॅकअप, मग ड्राय रन, म्हणजे काहीही न बदलता नुसती चाचणी. त्यात किती ठिकाणी बदल होईल तो आकडा दिसतो. तो पटला तरच पुढे जा.

पीएचपी_पाटील
शिळाछाप, मराठी लिंक बसते हे खरं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ती टक्क्यांची माळच दिसणार. ताईंचे सभासद घाबरतात ते त्या माळेलाच.

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. बातम्या 'पोस्ट' म्हणून टाकल्या असतील तर स्लग बदलल्यावर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या जागी नेतं. 'पान' म्हणजे पेजला मात्र ही सोय नाही. अर्जाचा फलक लागलेला आहे ना, मग त्या पानाचा स्लग अजिबात हलवू नका. हलवावाच लागला तर 'रीडायरेक्शन' प्लगइनमध्ये जुना पत्ता आणि नवा पत्ता आधी नोंदवा, आणि फलकासमोर उभं राहून स्वतःच्या मोबाइलने कोड स्कॅन करून बघा.

ग्रंथपाल_बवर्ग
दोघांचेही मनापासून आभार. काल वाचनालय बंद झाल्यावर बसले. बॅकअप घेऊन तो पेन ड्राइव्हवर ठेवला. ड्राय रनमध्ये 'ऱ्ह'चे ३१२ आणि 'ऱ्य'चे १,०४० बदल दिसले. मनाचा हिय्या करून बटण दाबलं. आता 'कऱ्हाड' टाइप केलं की स्मरणिकेतले सगळे लेख येतात. त्यात आमच्या संस्थापकांनी लिहिलेला प्रवासाचा लेख होता, तो मला आजवर या शोधात कधीच दिसला नव्हता.

लिंकेचं असं ठरवलं: ग्रुपवर जाणाऱ्या बातम्यांचा स्लग रोमन, आणि स्मरणिकेतल्या लेखांचा लहान पण मराठी, कारण ते वाचायला लोक साइटवर येतात. अर्जाच्या पानाला हात लावलेला नाही. आज सकाळी समारोपाची बातमी नव्या लिंकेने पुन्हा पाठवली. एका आजींनी उघडून वाचली आणि व्याख्यात्यांचं आडनाव चुकलंय म्हणून फोन केला. ते दुरुस्त केलं.