संविधान काळाप्रमाणं बदलत राह्यलं पाह्यजे का?

सिंदेवाहीकर:
काल ग्रामसभेनंतर पाराजवळ लय वाद झाला. एक पोरगा म्हणे संविधान 1950 चं, तेव्हा मोबाईल नाई का इंटरनेट नाई, आता नवीनच लिहा. तर एक काका भडकले, बाबासाहेबांनी लिहिलं त्याले हातच लावाचा नाई म्हणे. मले दोघायचंही पटलं नाई. तुमाले काय वाटते?

धानवाला:
काकाले सांगजा, बदलाची सोय संविधानातच हाये, कलम 368. पहिली दुरुस्ती तर 1951 मध्येच झाली अन् तिचा आपल्याशी थेट संबंध हाये. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, तिथल्या सरकारनं मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकायची पद्धत, काढाचा कायदा केला, पण असे कायदे कोर्टात अडकून राह्यले होते, बिहारचा तर हायकोर्टानं रद्दच केला. म्हणून नववी अनुसूची, म्हणजे मूलभूत हक्काच्या नावानं कोर्टानं रद्द करू नये अशा कायद्यायची यादी, आणली अन् आपला कायदाबी त्यात टाकला. गावातल्या म्हाताऱ्यायले विचारा मालगुजार काय असते ते.

वर्धेची ताई:
मी ग्रामपंचायत सदस्य आहे ती 73 व्या दुरुस्तीमुळं. 1993 पासून बायांना एक तृतीयांश जागा, आता महाराष्ट्रात निम्म्या. मूळ संविधानात हे नव्हतं, म्हणून बदल पाह्यजेच. पण प्रत्येक बदल चांगलाच असतो असं नाई हो! 42 व्या दुरुस्तीनं 1976 मध्ये लोकसभेची मुदत 6 वर्षं केली, ती 44 वीनं परत 5 वर आणली. अन् त्याच 44 वीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कातून काढला, आता तो कलम 300अ मध्ये साधा घटनात्मक हक्क आहे. ज्याची जमीन रस्त्यात नाईतर खाणीत जाते त्याले इचारा हे बरं झालं का वाईट.

सिंदेवाहीकर:
ताई, मंग कोण ठरवणार? उद्या बहुमतवाल्यानं सगळंच बदललं तं?

धानवाला:
सगळं नाई बदलता येत. सुप्रीम कोर्टाचा केशवानंद भारती खटल्याचा निकाल, 24 एप्रिल 1973, तेरा जजेस, 7 विरुद्ध 6. संसद दुरुस्ती करू शकते पण मूळ चौकट मोडू शकत नाई. एका मतानं वाचलं ते.

वर्धेची ताई:
हाव, पण कोर्टावरच कितीक दिवस भरवसा ठेवाचा? दुरुस्तीचं बिल संसदेत मतदानाले जाण्याआधी मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवलं पाह्यजे असं मले मनापासून वाटते. सिंदेवाहीकर भाऊ, पुढच्या सभेत हा विषय मांडजा, ठराव झाला तर इथं टाका, मी आमच्याकडं पण मांडते.