अंदमानला जाणाऱ्यांसाठी: कामाचं तेवढं इथे लिहा

कपाट आवरताना हॅवलॉकच्या बोटीचं जुनं तिकीट निघालं, म्हणून धागा काढला. दिवाळीनंतर बरेच जण निघतात. आधी विमान, मग हॅवलॉक-नील या बेटांच्या बोटी, हॉटेल सगळ्यात शेवटी. बोटीची वेळ बदलली की मुक्कामच बदलतो. परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम) राहा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, विमान थांबत नाही.

महालकर
कोलकाता नाहीतर चेन्नईहून जा. दोन वेगळी तिकिटं नको. पहिलं विमान लेट झालं की दुसरं बुडतं, भरपाई कोणी देत नाही. एकाच पीएनआरवर घ्या.

मोनाताई
घड्याळ आपलंच, पण अंदमान नागपूरपेक्षा साडेतेरा अंश पूर्वेला आहे नं! सूर्य 50-55 मिनिटं आधी चालतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. चार वाजता हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर हवंच.

पाणबुड्या
स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका!! खाली दाबाने नायट्रोजन रक्तात मुरतो, विमानात दाब उतरला की त्याचे बुडबुडे होतात. मध्ये 18 तास तरी जाऊ द्या, 24 असले तर उत्तम. सर्दी असेल तर उतरूच नका, कानाचा पडदा फाटू शकतो.

सक्करदरा
मोनाताई, चिवडा किती नेऊ? चौघं आहोत.

मोनाताई
एक किलो पुरे. पाव-पाव किलोची पाकिटं करा, दमट हवेत उघडी पिशवी लगेच सादळते. संत्रा बर्फी नको, उकाड्यात पाझरते.

महालकर
बोटीत उलटी होणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून, सुटायच्या तासभर आधी घ्यावी. बोट डोलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. सकाळी तर्री-पोहे नकोत, साधी इडली खा. सीट खालच्या मजल्यावर, मधली.

धरमपेठ_काकू
नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीतच गाठता येतो. वेळ हॉटेलात विचारा, रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. खडकांवर शेवाळ असतं, मागून पट्ट्याची चप्पल घाला. सेल्युलर जेलच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

सक्करदरा
लेकरं शिंपले गोळा करतील, चालतं का हो?

धरमपेठ_काकू
नाही जी. पोवळ्याला आणि काही शिंपल्यांनाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. निघताना लेकरांचे खिसे झटकून घ्या.