मदत हवी आहे: केमो चालू असताना प्रोबायोटिक द्यावं का?

नमस्कार. आईची (वय ६८) केमो चालू आहे, छातीत पोर्ट (औषध थेट मोठ्या शिरेत सोडायला त्वचेखाली बसवतात ते) बसवलाय. अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि जुलाब लागले. मेडिकलवाल्याने सॅकरोमायसिस बोलार्डी या प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबांवर त्यांचा उपयोग होतो हे खरं, पण ते जिवंत यीस्ट आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या, सेंट्रल लाइन (पोर्टसारखी मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या पेशंटच्या रक्तात ते शिरल्याची उदाहरणं आहेत. पहिली पुडी फोडली, भुकटी ओट्यावर उडाली, आणि हात तिथेच थांबला.

डॉक्टरांना फोन केलाय, उद्या सकाळी बोलावलंय. तोवर मीठ-साखरेचं पाणी चालू आहे. कुणाच्या घरी असं झालं होतं का? पांढऱ्या पेशी कमी असताना घरी विरजलेलं दही तुमच्या डॉक्टरांनी चालू ठेवलं होतं का? आई दोन दिवस दहीभातच मागतेय, नाही म्हणवत नाही हो.