जुन्या वाड्याची लेझर स्कॅनिंगने मोजणी: भिंतीचा कल मॉडेलमध्ये उरतो का?

पडवी:
नमस्कार. सातारा परिसरातील एका दुमजली वाड्याची दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी त्याची मोजणी करून घ्यायची आहे. जोते चिरेबंदी, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि विटामातीच्या जाड भिंती अशी रचना आहे. मागच्या सोप्यावरील माडीची जमीन मध्यभागी खाली आली आहे आणि चौकाकडची एक भिंत बाहेर झुकलेली आहे. टेपने मोजून काढलेला नकाशा आमच्याकडे आहे, परंतु त्यात सगळे कोपरे काटकोनात आणि सगळ्या भिंती सरळ आहेत. लेझर स्कॅनिंग करून त्रिमितीय मॉडेल तयार करून घेतल्यास हा कल खरोखर समजेल का, आणि काम देताना नेमके काय मागावे?

ओळंबा:
कल नक्की समजेल, पण तो स्कॅनरने टिपलेल्या बिंदूंच्या नोंदीत समजतो. मॉडेलमध्ये तो उरेलच असे नाही. आपल्या प्रश्नाचा गाभा मला हाच वाटतो.

तिपाईवरचा स्कॅनर स्वतःभोवती फिरत असताना त्यातला आरसा उभ्या दिशेने वेगाने फिरतो आणि परतणाऱ्या लेझर किरणावरून प्रत्येक बिंदूचे अंतर व कोन नोंदवले जातात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे १ मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर जाण्या-येण्याच्या वेळेतील सुमारे ७ पिकोसेकंदांचा फरक पकडावा लागतो. म्हणूनच काही स्कॅनर थेट वेळ न मोजता गेलेल्या आणि परतलेल्या लहरींमधील कलांतर (फेजमधला फरक) मोजतात. एका जागेवरून खांबाच्या मागचे काहीच दिसत नसल्याने देवडी, चौक, सोपे, जिना, माडी अशा अनेक ठिकाणांहून स्कॅन घेऊन ते एकमेकांशी जुळवावे लागतात. वाड्यात कसोटी लागते ती अरुंद जिन्यावर, कारण दोन मजल्यांना जोडणारा सामाईक भाग बहुधा तेवढाच असतो आणि तिथे जुळणी किंचित फिरली, तरी माडी आहे त्याहून अधिक कललेली दिसते. चौकातून दोन्ही मजले दिसतील अशा जागाही घ्याव्यात आणि सगळे स्कॅन टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने) मोजलेल्या नियंत्रण बिंदूंना, म्हणजे पक्क्या संदर्भखुणांना, बांधून घ्यावेत.

त्यापुढचे काम माणसाच्या निर्णयाचे असते. मॉडेल करणारा त्या बिंदूंवर भिंत, खांब, तुळई असे घटक बसवतो, आणि सॉफ्टवेअरमधली तयार भिंत सरळ, उभी व एकसारख्या जाडीची असते. तीच वापरली, तर मिलिमीटरच्या मोजणीतून पुन्हा आपल्या टेपच्या नकाशासारखेच मॉडेल हाती येते. त्यामुळे करारात ई५७ (स्कॅनचे बिंदू साठवण्याचे खुले फाइल-स्वरूप) मधील बिंदू, जुळणीतील त्रुटींचा अहवाल, मॉडेल बिंदूंपासून किती दूर जाऊ शकते याची मर्यादा आणि झुकलेल्या भिंतीचे ठरावीक अंतरावरचे उभे छेद स्पष्टपणे मागावेत. दुरुस्तीचा निर्णय मी तरी या छेदांवरून घेईन, मॉडेलवरून नाही.

चिरेबंदी:
वरील मताशी सहमत आहे. गुजरातमधील पाटणच्या राणी की वाव या पायऱ्यांच्या विहिरीचे २०११ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि स्कॉटलंडमधील संस्थांनी मिळून स्कॅनिंग केले होते, हे आपल्याकडचे चांगले उदाहरण आहे. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे स्कॅन कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये ५० हून अधिक जागांवरून घेतले होते, आणि त्यांत १०० कोटींहून अधिक बिंदू होते. तरीही एप्रिल २०१९ च्या आगीत जळालेला छताचा लाकडी सांगाडा पुन्हा उभारताना दोन फ्रेंच वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये केलेली त्या सांगाड्याची तपशीलवार आरेखने फार मोलाची ठरली, कारण लाकडाचे सांधे आणि जोडणी समजून घेऊन काढलेले चित्र निव्वळ बिंदूंमधून मिळत नाही.

आपल्या वाड्यातही भिंतीत गेलेली तुळयांची टोके, कडीपाटाच्या वरचा मातीचा थर आणि वाळवीने पोखरलेला गाभा स्कॅनरला दिसणार नाही. झुकाव कुठे आहे ते स्कॅन सांगेल. तो का आला, हे जाणत्या सुताराकडून आणि संरचना अभियंत्याकडून लाकूड तपासल्यावरच कळेल.

पडवी:
दोघांचेही आभार. भिंत अजून सरकते आहे का हे पाहण्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोनदा स्कॅन केल्यास उपयोग होईल का?

ओळंबा:
होईल, पण नियंत्रण बिंदू दोन्ही वेळा तेच हवेत आणि ते हलणाऱ्या भिंतीवर नसून वाड्याबाहेर पक्क्या जागी बसवलेले हवेत. जुळणीतील त्रुटी समजा ४ मिलिमीटर असेल, तर दोन स्कॅनमधला ३ मिलिमीटरचा फरक ही भिंतीची हालचाल मानता येणार नाही. पावसाळ्यात विटामातीच्या भिंतीचा गिलावा ओलाव्याने फुगतो, तोही फरक म्हणून दिसू शकतो. मधल्या काळात भेगांवर, भेग हलल्यास तडकतील अशा, काचेच्या पट्ट्या बसवून त्यांवर तारीख घालावी, म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारा फरक पडताळून पाहता येईल.